'कॅच-22'चे वाचक : साठ वर्षांचं भांडण

जोसेफ हेलर या अमेरिकन लेखकाच्या 'कॅच-22' या दुसऱ्या महायुद्धावरच्या कादंबरीबद्दल मधलं मत फारसं कुणाचं नसतं. काहींना त्यातले संवाद तोंडपाठ असतात, तर काही शंभरेक पानांतच हात टेकतात. तक्रारीही ठरलेल्या : तेच ते दळण, पात्रांची जत्रा, आधी काय घडलं नि नंतर काय याचा पत्ता नाही, आणि हसवता हसवता पुस्तक एकदम अंगावर येतं. मोबाइलने धीर खाल्लेल्या पिढीचं हे रडगाणं आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने 1961 सालची परीक्षणं चाळावीत.

'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या ग्रंथपुरवणीत रिचर्ड स्टर्नने कारागिरी आणि संवेदनशीलता दोन्ही कमी पडतात असं म्हणून कादंबरी निकालात काढली. त्याच दैनिकात ऑर्व्हिल प्रेस्कॉटने मात्र तिला झगझगीत कामगिरी म्हटलं. ही जितक्यांना खूश करील जवळजवळ तितक्यांनाच चीड आणील, हेही त्याने तेव्हाच सांगून ठेवलं. 'न्यूयॉर्कर'च्या परीक्षकाला ती लिहिलेली वाटलीच नाही, कागदावर आरडाओरडा केल्यासारखी वाटली. मधली शंभर पानं काढली तर खुद्द लेखकालाही पत्ता लागणार नाही, हा टोला कादंबरीकार नॉर्मन मेलरचा. प्रकाशकांनी शिफारशीचे दोन शब्द मिळावेत म्हणून इव्हलिन वॉ या इंग्रज कादंबरीकाराकडे प्रत धाडली होती. ही कादंबरी नव्हेच, बांधणी नसलेल्या नि पुनरुक्तीने भरलेल्या तुकड्यांचा संग्रह आहे, असं त्याने कळवलं. दुसऱ्या बाजूला कादंबरीकार नेल्सन ऑल्ग्रेनने, कित्येक वर्षांत अशी अमेरिकन कादंबरी झाली नाही, म्हणून तिला डोक्यावर घेतलं.

हेलर ब्रुकलिनमधल्या कोनी आयलंडचा, जन्म 1923चा. 1944 साली कॉर्सिका बेटावरच्या तळावरून बी-25 विमानात बॉम्बार्डियर, म्हणजे नेम धरून बॉम्ब टाकणारा, म्हणून त्याने साठ मोहिमा केल्या. सुरुवातीला त्याला हे सगळं सिनेमातल्यासारखं वाटे. अविन्यों शहरावरच्या हल्ल्यात त्याच्या विमानातला गनर जखमी झाला, आणि तिथून त्याला उडायची भीती बसली. 1953च्या सुमारास त्याने कादंबरी हाती घेतली. दिवसा मासिकांच्या जाहिरात विभागात नोकरी, रात्री घरी लेखन. पहिलं प्रकरण 1955 साली 'कॅच-18' या नावाने छापून आलं. पुढे लिऑन युरिसची 'मिला 18' ही कादंबरी त्याच हंगामात येणार असं कळल्यावर अठराचे बावीस झाले.

कादंबरीतलं युद्ध 1944चं असलं तरी तिचा राग 1950नंतरचा आहे. वेड लागलेल्या वैमानिकाला उड्डाणातून सुटी मिळते, पण ती मागावी लागते; आणि जो मागतो तो शहाणा ठरतो, म्हणून त्याला उडावंच लागतं. 'कॅच-22' म्हणतात तो हाच नियम, आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो. मला मात्र त्याहून बोलका वाटतो तो निष्ठेच्या शपथेचा प्रसंग. कॅप्टन ब्लॅक फर्मान काढतो : नकाशे हवेत, सही करा, पॅराशूट हवंय, पुन्हा सही करा. भोजनगृहात मीठ-मिरपूड घ्यायला राष्ट्रगीत म्हणावं लागतं. ज्याच्यावर त्याचा डोळा आहे, त्या मेजर मेजरला सही करायची मुभाच नाही. आणि सही केली नाही, म्हणून तोच संशयित. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने सरकारी नोकरांची निष्ठा तपासायचा आदेश 1947 साली काढला होता आणि त्यानंतर जिथे तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीचा धुमाकूळ झाला. पहिल्या वाचकांनी ते दिवस नुकतेच काढले होते.

तरीही अमेरिकेत पक्क्या बांधणीची आवृत्ती सर्वाधिक खपाच्या यादीत गेली नाही. 1962च्या 'नॅशनल बुक अवॉर्ड'लाही वॉकर पर्सीच्या कादंबरीने तिला मागे टाकलं. इंग्लंडात मात्र ती पाहता पाहता पहिल्या क्रमांकावर पोचली. मग 75 सेंटची पेपरबॅक आवृत्ती आली आणि वर्षभरात दहा लाखांच्या वर प्रती उठल्या. जॉन चॅन्सेलर या टीव्ही पत्रकाराने पदरच्या पैशांनी 'योसारियन जिवंत आहे' अशी स्टिकरं छापून घेतली होती; योसारियन म्हणजे कादंबरीचा नायक, जीव वाचवायला धडपडणारा बॉम्बार्डियर. त्यात व्हिएतनाम पेटलं. 1968 साली तिथे पाच लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक होते, आणि सक्तीच्या भरतीचं पत्र यायची वाट बघणाऱ्या कॉलेजातल्या पोरांना योसारियन आपल्यातलाच वाटू लागला. समीक्षकांनी दुभंगून ठेवलेलं पुस्तक वाचकांनी तारलं ते असं.

पुनरुक्तीच्या आक्षेपाबाबत मी हेलरच्या बाजूने आहे. तळाचा प्रमुख कर्नल कॅथकार्ट घरी परतण्याआधी पुऱ्या करायच्या मोहिमांचा कोटा पाच-पाचने वाढवत 80वर नेतो. ते वाचताना वाचक वैतागला नाही तर प्रसंग फसला. इस्पितळात नखशिखांत बँडेजमध्ये गुंडाळलेला सैनिक आहे. वरच्या बाटलीतला द्रव त्याच्या अंगात जातो, खालच्या बाटलीत उतरतो, आणि नर्स दोन्ही बाटल्यांची अदलाबदल करतात. विमानाच्या मागच्या भागात जखमी होऊन थंडीने कुडकुडणारा गनर स्नोडनही सुरुवातीपासून तुकड्यातुकड्यांनी येतो. योसारियन त्याच्या मांडीची जखम बांधत बसतो आणि खरी जखम जॅकेटखाली असते, हे उलगडतं बेचाळीसपैकी एक्केचाळिसाव्या प्रकरणात. शंभराव्या पानावर थांबलेल्याला हा हिशेब कळायचा कसा? अर्थात मेलरचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. भोजनगृहाचा अधिकारी मायलो याच्या अंड्यांच्या व्यापाराला थोडी कात्री चालली असती.

ओहायोतल्या स्ट्राँग्सव्हिलच्या शाळा मंडळाने 1972 साली पुस्तक शाळेतून काढलं. 1976 साली अपील न्यायालयाने ग्रंथालयातून पुस्तक असं उचलता येणार नाही असा निकाल दिला. हल्लीचे वाचक बोट ठेवतात ते वेगळ्याच जागी : यातल्या बायका म्हणजे बहुतेक नर्सेस नाहीतर वेश्या. योसारियनचा मित्र नेटली जिच्या प्रेमात असतो, ती रोममधली वेश्या सुरा घेऊन योसारियनच्या मागे लागते, शेवटच्या पानावरही वार करते. पण एवढ्या मोठ्या पुस्तकात तिला स्वतःचं नाव नाही. याला मात्र माझ्याकडे हेलरच्या बाजूने उत्तर नाही.