ट्यूब चॅसी (रेडिओ-नियंत्रित रॉक क्रॉलरची)

धातूच्या नळ्या किंवा सळया वाकवून आणि झाळून केलेला, रेडिओ-नियंत्रित रॉक क्रॉलर या प्रतिकृती-वाहनाचा उघडा सांगाडा. खडकांवरून अतिशय संथ गतीने चढउतार करणाऱ्या या वाहनाचे सर्वाधिक प्रचलित प्रमाण १ : १० असून रिमच्या व्यासावरून त्याचे १.९ इंची (सु. ४८ मि.मी.) आणि २.२ इंची (सु. ५६ मि.मी.) असे वर्ग पडतात. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत दोन समांतर पट्ट्यांवर पॉलिकार्बोनेटची बॉडी बसवलेली असते. ट्यूब चॅसीत मात्र चौकट, रोल केज (गाडी उलटल्यास बचाव करणारा पिंजरा) आणि बाह्यरूप ही तिन्ही कामे एकच रचना करते.

व्याख्येचा प्रश्न : या संज्ञेचा वापर सैल आहे. नावात ‘ट्यूब’ असली तरी हातबनावटीच्या पुष्कळ चॅसी भरीव सळयांच्याच असतात, तर ॲक्सियल कंपनीच्या २०११ सालच्या ‘रेथ’सारख्या गाड्यांत नळ्यांचा आभास देणारा साचेकाम केलेला प्लॅस्टिकचा पिंजरा असतो. त्यालाही विक्रेते ट्यूब चॅसीच म्हणतात. प्रस्तुत नोंदीत जोडकामाने सिद्ध झालेला धातूचा सांगाडा एवढाच अर्थ घेतला आहे. नळी पोकळ आहे की भरीव, हा गौण मुद्दा मानला आहे.

‘स्पेस फ्रेम’ हा शब्द येथे लावावा काय, याविषयी दोन मते आढळतात. काटेकोर अर्थाने स्पेस फ्रेममधील प्रत्येक घटकावर फक्त ताण किंवा दाब येतो, वाक येत नाही. त्यासाठी सर्व चौकोन कर्णांनी त्रिकोणात विभागलेले असावे लागतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार त्रिमितीय चौकटीत सांधे ‘स’ असतील, तर ती दृढ राहण्यासाठी किमान ३स − ६ घटक लागतात. घनाकृती पिंजऱ्यात ८ सांधे म्हणून १८ घटक हवेत. कडा बाराच असल्यामुळे आणखी ६ कर्ण द्यावे लागतात. क्रॉलरच्या सांगाड्यात बॅटरी काढण्यासाठी एक बाजू मोकळी ठेवावी लागते, खिडक्यांत कर्ण शोभत नाहीत, आणि मग सांध्यांच्या स्वतःच्या ताठरपणावरच भिस्त राहते. म्हणून त्याला ‘दृढसंधी चौकट’ म्हणणे अधिक योग्य ठरावे.

उगम : पोलादी नळ्यांच्या जोडचौकटीचा वापर पहिल्या महायुद्धातील फोकर विमानांत झाला. मोटारशर्यतीत तो दुसऱ्या महायुद्धानंतर रुळला. इटलीतील चिसितालिया (१९४६) आणि इंग्लंडमधील लोटस मार्क ६ (१९५२) यांचे दाखले नेहमी दिले जातात. मासेराटीच्या १९५९ सालच्या ‘टिपो ६१’मध्ये सु. २०० बारीक नळ्या होत्या, त्यावरून तिला ‘बर्डकेज’ हे टोपणनाव पडले. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या चतुष्फलकी पतंगांपर्यंत ही परंपरा मागे नेणारेही आहेत. रचनातत्त्वाच्या दृष्टीने त्यात तथ्य असले, तरी वाहनांशी त्याचा थेट धागा जुळत नाही.

प्रतिकृतींचा जवळचा पूर्वज अमेरिकेतील पूर्णाकृती खडकचढाईच्या बग्या हा होय. यूटामधील मोआब आणि कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेल येथे जीपगाड्यांत फेरफार करता करता जीपचा मूळ सांगाडाच गळून पडला आणि नळ्यांचा पिंजरा उरला. कॅलिफोर्नियातील जॉन्सन व्हॅलीत २००७ पासून होणाऱ्या ‘किंग ऑफ द हॅमर्स’ शर्यतीने हे रूप सर्वतोमुखी केले. रेडिओ-नियंत्रित क्षेत्रात सुरुवात बहुधा तामिया कंपनीच्या १९८७ सालच्या ‘क्लॉड बस्टर’पासून धरावी. या गाडीत प्रत्येक ॲक्सलवर स्वतंत्र मोटर होती. त्यामुळे मधला सांगाडा हवा तसा बदलता येई, आणि हौशी मंडळींनी तो बदललाही. तयार क्रॉलर बाजारात आले ते २००७-०८ च्या सुमारास. घरगुती ट्यूब चॅसी त्याआधीपासून होत होत्या, असे मानण्यास हरकत नाही.

साहित्य : पूर्णाकृती बगीत १.७५ इंच व्यासाची नळी सर्रास वापरतात. तिचा दहावा भाग ४.४५ मि.मी. भरतो. त्या मापाची नळी सहसा मिळत नसल्याने ३/१६ इंची (४.७६ मि.मी.) माल घेतात. मोटारीच्या ब्रेक लाइनची (ब्रेकचे तेल वाहून नेणारी) पोलादी नळी नेमकी याच व्यासाची असते. तिच्या भिंतीची जाडी सु. ०.७ मि.मी. असते. तीन पर्यायांची तुलना बोलकी आहे. ४.७६ मि.मी.ची भरीव सळई मीटरला सु. १४० ग्रॅम भरते, त्याच व्यासाची ब्रेक लाइन सु. ७१ ग्रॅम आणि ३.२ मि.मी.ची भरीव सळई सु. ६३ ग्रॅम. वाकण्याला होणारा विरोध मात्र वजनाच्या प्रमाणात बदलत नाही. ब्रेक लाइन निम्म्या वजनात जाड सळईच्या सु. ७६ टक्के ताठरपणा देते आणि जवळजवळ सारख्याच वजनाच्या बारीक सळईपेक्षा पावणेचार पट ताठ असते. एका चॅसीला साधारण ४ मी. माल लागतो, म्हणजे जाड सळईऐवजी ब्रेक लाइन घेतल्यास फरक पाव किलोहून अधिक पडतो.

हे वजन कुठे आहे याला फार महत्त्व आहे. २.६ कि.ग्रॅ. वजनाच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० मि.मी.वर आहे असे समजू. छतावरचे, म्हणजे २०० मि.मी. उंचीवरचे १०० ग्रॅम काढले, तर तो जवळजवळ ५ मि.मी. खाली येतो. चाकांचे टेकू मध्यरेषेपासून १०० मि.मी.वर असतील, तर आडव्या उतारावर उलटण्याचा कोन सु. पावणेदोन अंशांनी वाढतो. सस्पेंशनची लवचीकता येथे हिशेबात धरलेली नाही. म्हणून जाणकार बांधणारे तळाच्या कडांना भरीव सळई आणि खांद्यापासून वर पोकळ नळी वापरतात. छताला दिव्यांची पट्टी, टपावर जेरीकॅन आणि सुटे चाक अशी सजावट केलेल्या गाड्या दिसायला देखण्या असतात, पण चढाईत पहिल्या उलटतात.

तांबे-निकेल मिश्रधातूची ब्रेक लाइन सहज वाकते खरी, पण चॅसीला ती फार मऊ पडते. पोलादी नळीवरील जस्ताचा मुलामा सांध्याच्या दोन्ही बाजूंना २० मि.मी. तरी घासून काढावा. तो तापला की निघणारा धूर विषारी असतो आणि झाळही नीट धरत नाही.

आखणी : पहिली रेघ छताची काढणे ही नवख्यांची ठरलेली चूक. सुरुवात गिअरबॉक्स पेलणाऱ्या तळपट्टीपासून, म्हणजे स्किड प्लेटपासून करावी. तिची भोके, ॲक्सलमधले अंतर (१.९ वर्गात ३१३ मि.मी. हे रूढ माप) आणि पूर्ण दबलेल्या शॉकसह (धक्काशोषकासह) चाकाची जागा कागदावर खऱ्या मापात आली, की मगच नळ्या काढायच्या. पुढचे चाक पूर्ण वळवून आणि वर दाबूनही नळीला लागता कामा नये. ही तपासणी चॅसी झाळून झाल्यावर करणाऱ्याला चॅसीच्या पुढच्या नळ्या कापाव्या लागतात.

सस्पेंशन बहुधा चार लिंकांचे, म्हणजे ॲक्सल चॅसीला जोडणाऱ्या चार दांड्यांचे असते. खालच्या दोन लिंका स्किड प्लेटला जोडतात, वरच्या दोन तिरक्या बसवतात. वरच्या लिंकांमधला कोन एकूण ४० अंशांहून कमी झाला, तर ॲक्सल आडवा सरकतो. ॲक्सलवरील वरच्या आणि खालच्या लिंकांतील उभे अंतर टायरच्या व्यासाच्या पाव हिश्श्याइतके ठेवावे, असा ढोबळ नियम आहे, १२० मि.मी. टायरला ३० मि.मी. चॅसीकडचे अंतर याहून कमी असते. ते फार कमी झाले, तर जोर देताच मागची बाजू उचलली जाते आणि चढावर चाके नाचू लागतात. कागदावर हे नेमके साधत नाही, म्हणून वरच्या लिंकेच्या टॅबला (लिंक अडकवण्यासाठी चॅसीला झाळलेल्या पत्र्याच्या कानाला) ५ मि.मी. अंतराने तीन भोके ठेवतात. टॅब १.५ ते २ मि.मी. जाड पत्र्याचे आणि भोक ३.२ मि.मी.चे, म्हणजे एम३ स्क्रू मोकळा बसतो. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शॉकचा प्रवास साधारण निम्मा खर्ची पडेल, अशा उंचीवर शॉकचे वरचे टॅब लावावेत. बॅटरी पुढच्या ॲक्सलवर, जमेल तितकी खाली ठेवतात. पुढे ६० आणि मागे ४० टक्के भार चढाईला मानवतो.

वाकवणे आणि खाच पाडणे : ब्रेक लाइनसाठी हातबेंडर पुरतो, वाकाची मध्यत्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे सु. १५ मि.मी. धरावी. याहून आखूड वाकात नळी चपटी होते. काटकोन करताना २-३ अंश जास्त वाकवावे लागते, कारण पोलाद तेवढे परत येते. लांबीचा हिशेब बहुतेकांचा येथेच चुकतो. टोकदार कोपरा धरून मापे बेरजेला घेतली, तर १५ मि.मी. त्रिज्येच्या प्रत्येक काटकोनी वाकामागे सु. ६.४ मि.मी. नळी उरते. चार वाकांनंतर ती २५ मि.मी.हून अधिक होते आणि दोन बाजू जुळत नाहीत. म्हणून आधी एक बाजू वाकवून आराखड्यावर ठेवतात आणि दुसरी तिच्यावर ठेवून जुळवतात.

एक नळी दुसरीवर टेकते तेथे टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच पाडतात. चेनसॉची साखळी धारदार करण्याची ३/१६ इंची (४.८ मि.मी.) गोल कानस यासाठी जणू घडवलेली आहे, सात-आठ घाव सरळ मारले की नळी नळीवर बसते. उजेडासमोर धरल्यावर सांध्यातून प्रकाशाची रेघ दिसली, तर अजून कानस मारावी.

झाळणे : प्लायवूडच्या फळीवर आराखडा चिकटवून, नळ्यांच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून साचा करतात. आधी सगळे सांधे टाके मारून धरावेत, गुण्याने आणि कर्ण मोजून चौकट तपासावी आणि नंतरच पूर्ण झाळावे. एका बाजूचे सगळे सांधे सलग झाळले तर चॅसी पिळते. सपाट काचेवर ठेवल्यावर चौथा कोपरा २ मि.मी. वर राहिला, तर तो दोष पुढे सस्पेंशन कितीही जुळवले तरी लपत नाही.

झाळकामाचे तीन प्रकार रूढ आहेत. ५६ टक्के चांदीची झाळ ६१८ ते ६५२° से. दरम्यान वितळते आणि ०.०५ ते ०.१२ मि.मी. फटीत केशाकर्षणाने ओढली जाते. मोठी फट मात्र भरत नाही. फ्लक्स (सांधा स्वच्छ राखण्यासाठी लावलेला लेप) काचेसारखा स्वच्छ आणि पातळ झाला (सु. ५९०°), की थोडे आणखी तापवून झाळेची काडी धातूला लावावी, ज्योतीला नव्हे. धातूच्या उष्णतेने वितळलेली झाळच सांध्यात शिरते. पितळी झाळ ८७०-९०० अंशांना वितळते. ती सैल सांधे भरते, पण तेवढ्या उष्णतेत शेजारचे टाके सुटतात. कथिल-चांदीची मऊ झाळ २२१ अंशांना वितळते. ती पत्र्याचे आणि बॉडीचे किरकोळ काम करते, लिंकांच्या टॅबना चालत नाही. अशा चॅसीला पावडर कोटिंगही करू नये, कारण भट्टी १८०-२०० अंशांची असते.

फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्यांकडे सहज मिळणारी तांबे-फॉस्फरसची काडी पोलादाला वापरू नये. ती धरल्यासारखी दिसते, पण सांध्यात लोह-फॉस्फाइडचा ठिसूळ थर तयार होतो आणि पहिल्याच आपटण्यात तो तडकतो. कॅडमियमयुक्त चांदीची झाळ धुरामुळे टाळावी. भरीव सळयांसाठी टिग वेल्डिंग (निष्क्रिय वायूच्या आवरणात टंगस्टनच्या विद्युतज्योतीने केलेले वितळजोडकाम) उत्तम. ब्रेक लाइनवर मात्र सावध राहावे, कारण तिची दुहेरी भिंत बहुधा तांब्याने झाळलेली असते आणि ते तांबे वेल्डमध्ये उतरून तडे जाण्याचा संभव असतो.

दोन्ही टोके बंद होणाऱ्या नळीला आतल्या बाजूने १ मि.मी.चे भोक पाडावे. नाहीतर तापलेली हवा शेवटच्या सांध्यातून झाळ बाहेर फुंकते आणि तेथे टाचणीएवढे छिद्र राहते. उरलेला फ्लक्स गरम पाण्यात भिजवून ब्रशने काढावा. तो राहिल्यास रंगाखालून गंज फुटतो.

दुरुस्ती : सर्वांत आधी तडकतात ते खालच्या लिंकांचे टॅब आणि पुढच्या काचेच्या खांबाचा पाया. टॅब तडकला तर नुसती झाळ वर ओतून भागत नाही. जुनी झाळ आणि रंग काढून, टॅबला मागून छोटी त्रिकोणी पट्टी द्यावी. भरीव सळई थंडच सरळ करता येते. मुडपलेली नळी सरळ केली तरी त्याच जागी पुन्हा मुडपते, म्हणून तेवढा तुकडा कापून नवा बसवतात. ब्रेक लाइनचा आतला व्यास सु. ३.३ मि.मी. असल्याने ३.२ मि.मी.ची सळई तिच्यात अलगद सरकते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १० मि.मी. जाईल असा तिचा तुकडा आत घातला, की भोवती राहणारी फट चांदीच्या झाळेला हवी तेवढीच असते.