सर्व्हर टर्मिनलवर चालतो, असिस्टंटला जोडला की बंद पडतो?

आमची लायब्ररी घेऊन एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, एआय असिस्टंटला बाहेरची टूल्स जोडण्याची पद्धत) सर्व्हर बांधणाऱ्या ग्राहकांसाठी

फोंड्याच्या आमच्या ऑफिसात येणारे बहुतेक फोन याच तक्रारीचे असतात. दहापैकी नऊ वेळा दोष लायब्ररीचा नसतो, कोडात कुठेतरी राहून गेलेल्या प्रिंटचा, म्हणजे मजकूर छापणाऱ्या ओळीचा असतो.

सर्व्हर तुमच्याच मशीनवर असतो तेव्हा असिस्टंट तो स्वतः सुरू करतो आणि दोघं स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून (प्रोग्रामची मजकूर घेण्या-देण्याची नेहमीची वाट) बोलतात. एका ओळीत एक जेसन-आरपीसी संदेश (ठरावीक जेसन मांडणीतला), दुसरं काही नाही. त्याच वाटेने तुम्ही ‘खोली सापडली’ असं छापलंत की असिस्टंट तेही जेसन समजून वाचायला जातो. काही असिस्टंट ती ओळ सोडून देतात, काही तिथेच बोलणं तोडतात. टर्मिनलवर वाचणारे तुम्ही असता, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं.

म्हापशाच्या एका गेस्ट हाउसचं रिकाम्या खोल्या सांगणारं टूल सकाळी चालायचं, दुपारी रुसायचं. त्यांनी पावसाला आणि नेटला दोष दिला. सर्व्हर आणि असिस्टंट एकाच लॅपटॉपवर, त्यांच्यामधल्या बोलण्याला नेट कशाला लागतं? खरा प्रकार असा, की समोर टर्मिनल नसलं तर पायथन प्रिंटचा मजकूर साठवून ठेवतो आणि साठा भरला की एकदम सोडतो. त्यामुळे चूक होते एका ठिकाणी आणि दिसते भलत्याच ठिकाणी. आमची अख्खी दुपार ‘खोली सापडली’ या दोन शब्दांच्या मागे गेली.

उपाय साधा आहे. पायथनमध्ये प्रिंटऐवजी लॉगिंग मॉड्यूल वापरा, त्याचा मजकूर स्टँडर्ड एररवर, म्हणजे आउटपुटपासून वेगळ्या वाटेने जातो. फक्त नोंदींची पातळी इन्फोवर आणा. मूळची पातळी वॉर्निंग असते, त्यामुळे साध्या नोंदी दिसत नाहीत आणि हात पुन्हा प्रिंटकडे वळतो. नोडमध्ये कन्सोल लॉगच्या जागी कन्सोल एरर लिहा. बाहेरून घेतलेलं पॅकेज सुरू होताना बॅनर छापत असेल तर तोही बंद करा.

‘मग तुमची लायब्ररीच प्रिंट का अडवत नाही?’ असं बरेच जण विचारतात. पायथनचा प्रिंट आम्ही वळवू शकतो. पण सर्व्हरने सुरू केलेली दुसरी कमांड किंवा सी भाषेतलं पॅकेज थेट आउटपुटवर लिहितं, तिथे ही युक्ती चालत नाही. अर्धं झाकून अर्धं उघडं ठेवण्यापेक्षा आमची तपासणी कमांड आगंतुक ओळ दिसली की थांबते आणि ती ओळ तशीच दाखवते. कटकट वाटेल, पण ती जोडणीच्या आधी एकदा चालवाच.

एचटीटीपीवरून बसवलेल्या सर्व्हरला प्रिंटचा त्रास होत नाही, हे खरं. पण मग कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही हे तुम्हालाच ठरवावं लागतं. केवळ प्रिंटला कंटाळून तिकडे वळू नका. एकाच टूलचा उपयोग पर्वरी आणि मडगाव अशा दोन्ही शाखांत करायचा असेल तर जरूर वळा. ते काम आम्ही लॉगिन व्यवस्थेसकट करून देतो, आणि वार्षिक देखभाल घेतलेल्यांना त्यात सूट आहे.

फोन करण्याआधी असिस्टंटची लॉग फाइल पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. लॉग पाहण्याचे पैसे आम्ही घेत नाही. दुपारी १ ते ३ ऑफिस बंद असतं, त्या वेळी पाठवून ठेवलीत तर ३ नंतर पहिली तीच उघडू.