व्हीएफडी घड्याळ (घरगुती बांधणी)

जुन्या निर्वात नळीवर निळसर हिरवे आकडे दाखवणारे, हौसेने घरी जोडलेले घड्याळ. ही नळी, म्हणजेच व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले (व्हीएफडी), १९६०च्या दशकात जपानमध्ये तयार झाली. पुढे कॅल्क्युलेटर, व्हीसीआर आणि म्युझिक सिस्टिमच्या दर्शनी पट्टीवर ती घरोघरी पोहोचली. घड्याळासाठी बरेच जण सोव्हिएत बनावटीच्या आयव्ही-११ किंवा आयव्ही-१८ नळ्या मागवतात. गोव्यात मात्र तारवट्यांनी (जहाजांवर नोकरी करणाऱ्यांनी) आणि आखातातून परतलेल्यांनी आणलेले व्हीसीआर अजून माळ्यावर सापडतात. त्यांची यंत्रणा गंजली तरी डिस्प्लेची काच बहुधा शाबूत असते, म्हणून आधी तीच तपासावी.

काचेच्या आत केसाहून बारीक टंगस्टनच्या तारा, त्यांच्यामागे धातूची जाळी आणि तळाशी झिंक ऑक्साइडचा फॉस्फर, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळला की उजळणारा लेप, लावलेले आकड्यांचे खंड असतात. तापलेली तार इलेक्ट्रॉन सोडते. जिथे जाळी आणि खंड दोन्हींवर धन विद्युतदाब (व्होल्टेज) असतो, तेवढाच भाग उजळतो. त्यामुळे एकेका आकड्याची जाळी आळीपाळीने चालू करून थोड्या जोडण्यांत सगळे आकडे दाखवता येतात. यासाठी २५ ते ३० व्होल्ट पुरतात आणि ते ५ व्होल्टांपासून दाब वाढवणाऱ्या लहान बूस्ट सर्किटने मिळतात. खंड आणि जाळ्या चालू-बंद करायला यूएलएन२००३ ही ड्रायव्हर चिप इथे चालत नाही. ती प्रवाह ग्राउंडकडे ओढते, तर इथे वरून दाब देणारी यूडीएन२९८१ किंवा मॅक्स६९२१ हवी.

खरी कसोटी तारेची. आयव्ही-११ ला सुमारे १.५ व्होल्ट लागतात, आयव्ही-१८ ला ५. दाब वाढला की तारेवरचा ऑक्साइडचा लेप उडतो आणि नळी कायमची मंद होते. तार अंधारात ठळक लाल दिसली, तर दाब जास्त आहे हे नक्की. लांब नळीच्या तारेला डीसी दिला की एका टोकाचे आकडे फिके पडतात, कारण त्या टोकाला तार आणि खंड यांच्या दाबातला फरक कमी उरतो. एसी दिल्यास उजेड सारखा होतो.

व्हीसीआरच्या काचेच्या पिनांचा नकाशा सहसा मिळत नाही. ती बोर्डावरून सोडवून मीटर लावावा. तारेच्या पिना बहुधा दोन टोकांना असतात आणि त्यांच्यात थोडेच ओहम दिसतात. बाकीच्या पिनांचे धागे काचेतून डोळ्यांनी माग काढत जाण्यासारखे असतात, आणि या कामातला सगळ्यात सुंदर भाग तोच. आतल्या बाजूचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर हवा शिरली आहे, ती काच टाकून द्यावी.

गोव्याच्या पावसाळ्यात खारट दमटपणा बोर्डावर बसतो, पिनांमध्ये गळती होते आणि नको ते खंड अंधुक उजळतात. म्हणून सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून, ॲक्रिलिक लेप द्यावा. फणसाच्या लाकडाची पेटी केल्यास काचेभोवती फट ठेवावी, लाकूड पावसात फुगते.

वीज गेली तरी वेळ टिकावी म्हणून डीएस३२३१ ही चिप आणि बटण सेल वापरतात. ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये तिची चूक दोन दशलक्षांश, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. फॉस्फर वापराने झिजतो, तेव्हा रात्री उजेड कमी करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासूनच ठेवावी.