'गरमी' नावाचा घोटाळा

एप्रिल-मे महिन्यात कोल्हापुरात कुणाचं तोंड आलं, लघवीला जळजळ झाली, की घरात निदान ठरलेलं: उष्णता वाढली. ठपका तांबड्या रश्श्यावर आणि उपाय म्हणजे भिजवलेला सब्जा. याच भाषेत एका लैंगिक आजारालाही 'गरमी' म्हणतात, आणि घोटाळा तिथंच सुरू होतो. डॉक्टर ज्याला सिफिलिस म्हणतात त्या गरमीचा उन्हाशी, रश्श्याशी काही संबंध नाही.

आपल्याकडचं त्याचं आणखी एक नाव 'फिरंग रोग'. सोळाव्या शतकातले वैद्य भावमिश्र यांनी 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात हे नाव दिलं आणि कारणही सांगितलं: फिरंग्यांच्या देशात हा फार आढळतो म्हणून फिरंग. सुश्रुतांच्या ग्रंथातला 'उपदंश' हा शब्द जुना आहे, पण तो जननेंद्रियांवरच्या नाना प्रकारच्या व्रणांसाठी होता. सिफिलिसला तो पुढं चिकटवला गेला. १४९८ पासून पोर्तुगीज जहाजं आपल्या किनाऱ्याला लागू लागली आणि रोग त्यांच्याबरोबर आला, असं सर्वसाधारणपणे मानतात.

त्या फिरंग्यांनीही तो दुसऱ्याच्याच नावावर घातला होता. कोलंबस १४९३ मध्ये अमेरिकेहून परतला. दोनच वर्षांत नेपल्सवर चालून गेलेल्या फ्रेंच सैन्यात साथ भडकली. इटालियनांनी तिला फ्रेंच रोग म्हटलं, फ्रेंचांनी नेपल्सचा. हा रोग मूळचा अमेरिकेतला की युरोपात आधीपासूनच होता, हा वाद जुना. २०२४ मध्ये प्राचीन सांगाड्यांतल्या डीएनएच्या अभ्यासानं अमेरिकेचं पारडं जड केलं. 'सिफिलिस' हे नाव १५३० मधल्या फ्राकास्तोरोच्या लॅटिन काव्यातल्या एका मेंढपाळाचं.

भावमिश्रांचा उपचार मात्र बारकाईनं वाचण्यासारखा आहे. गव्हाच्या पिठाची इवलीशी वाटी करायची, तिच्यात चार गुंजा वजनाचं पाऱ्याचं औषध भरायचं, तोंड बंद करून गोळी वळायची, लवंगेच्या पुडीत घोळवायची आणि दाताला न लावता पाण्याबरोबर गिळायची. पाऱ्यानं तोंड सुजतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसरं औषध चोपचिनी, चीनहून येणारी मुळी. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानंही १५६३ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं आहे.

गुण येई का? येतोय असं नक्की वाटे. या रोगाची खोड अशी, की संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी एक कडक, न दुखणारा व्रण उठतो आणि औषध न घेताही काही आठवड्यांत भरून येतो. श्रेय त्या दिवसांत पोटात गेलेल्या गोष्टीला मिळतं. पूर्वी चोपचिनीला, आता सब्जाला किंवा भिंतीवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' रंगवणाऱ्या बाबाला. पुढं अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर, न खाजणारं पुरळ येतं. तेही जातं. मग वर्षानुवर्षं काहीच नाही आणि काहींच्या बाबतीत शेवटी हृदय, मेंदू, डोळे.

ट्रेपोनेमा पॅलिडम हा मळसूत्रासारखा जंतू १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना सापडला. १९१० मध्ये एर्लिक आणि हाता यांचं आर्सेनिकयुक्त साल्वर्सान बाजारात आलं. खरा निकाल १९४३ मध्ये पेनिसिलिननं लावला. आजही औषध तेच. रोग सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिट एकदाच, कमरेत. इंजेक्शन दाट असतं, त्यामुळं दुखतं; पण एका टोचणीत काम होतं. रोग जुना असेल तर आठवड्याच्या अंतरानं तीन. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायलाच हवं.

पसरतो तो शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून आणि आईकडून गर्भाला. एसटी स्टँडवरच्या संडासातून किंवा दुसऱ्याच्या टॉवेलमधून नाही. जंतू अंगाबाहेर फार टिकत नाही. निरोध धोका बराच कमी करतो, पण न झाकलेल्या जागेवर व्रण असेल तर तो काय करणार?

गरोदर बाईच्या रक्ताच्या तपासणीत 'व्हीडीआरएल' ही सिफिलिसची चाचणी लिहिलेली असते, ती यासाठीच. वेळेत उपचार न झाल्यास गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकतं किंवा रोग घेऊन जन्मतं. कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि पुढच्या तपासणीत रोग पक्का ठरला, की डॉक्टर नवऱ्यालाही घेऊन यायला सांगतात. तो आला नाही, तर बाईचं इंजेक्शन होऊनही रोग त्याच घरातून तिला पुन्हा लागू शकतो.