तुरुंगातले समूहगान आणि हाती असलेला वेळ

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात संगीतशिक्षण हा विषय शिकवणाऱ्या मेरी कोहेन यांनी २००९ साली जवळच्याच ओकडेल कारागृहात एक गायनवृंद उभा केला. कैद्यांच्या शेजारी बाहेरून येणारे सामान्य नागरिक उभे राहत आणि सारे मिळून गात. एकाला ‘आतला गायक’ म्हणत, दुसऱ्याला ‘बाहेरचा’, आणि ‘कैदी’ हा शब्द तालमीपुरता मागे पडे. पुढे आतल्या गायकांनी स्वतः गाणी रचली आणि वृंदाने ती कारागृहातल्याच मैफलींत, कुटुंबीयांसमोर गायली.

तुरुंगात संगीत शिकवणाऱ्याला सूरताल सांभाळण्याआधी वेळ सांभाळावी लागते. दरवाजे उघडण्यास उशीर झाला, कैद्यांची मोजणी लांबली किंवा सुरक्षेच्या कारणास्तव सर्वांना कोठडीत थांबवले, की त्या दिवसाची तालीम बुडते. महिनाभर बसवलेल्या गाण्यातला खर्जाचा आवाज अचानक दुसऱ्या तुरुंगात हलवला जातो, आणि त्याचा निरोप घेण्याचीही सोय नसते. म्हणूनच परक्या माणसांत विश्वास किती लवकर निर्माण होतो, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक अभ्यास तुरुंगाबाहेर झाला आहे. ब्रिटनमधील प्रौढशिक्षणाच्या वर्गांत गायन, हस्तकला आणि सर्जनशील लेखन शिकणाऱ्या गटांची सात महिने तुलना करून आयलुन्ड पीअर्स, रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अखेरीस सर्वच गटांत सारखीच जवळीक निर्माण झाली होती, मात्र गाणाऱ्यांमध्ये ती सर्वांत लवकर आली. एकत्र गाताना श्वास एकाच वेळी घ्यावा आणि सोडावा लागतो, आणि आपले नाव-गाव न सांगताही शेजाऱ्याशी जुळवून घ्यावे लागते. या शीघ्र जवळिकीमागे हेही एक कारण असावे.

परंतु तेवढाही वेळ नसेल तर काय होते, हे नॉर्वेतील एका चाचणीतून दिसते, आणि माझ्या मते या क्षेत्रातील ती सर्वांत बोलकी चाचणी आहे. क्रिस्तियान गोल्ड आणि सहकाऱ्यांनी ११३ कैद्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून एका गटाला संगीतोपचार दिले. कैद्यांना ते मनापासून आवडले, आणि दोन आठवड्यांनंतर त्यांची तात्कालिक चिंता थोडी कमी झाल्याचेही आढळले. मात्र शिक्षा अल्प मुदतीच्या असल्याने बहुतेक जण महिन्याच्या आतच प्रकल्पातून बाहेर पडले, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना करण्याइतकी माहितीच हाती उरली नाही. याउलट बीजिंगमधील एका तुरुंगात २०० पुरुष कैद्यांवर झालेल्या चाचणीत गटाने घ्यायची २० सत्रे ठरवलेली होती. तिथे संगीतोपचार मिळालेल्यांची चिंता आणि नैराश्य कमी झाले, आत्मसन्मान वाढला, आणि तरुण किंवा कमी शिकलेल्या कैद्यांत हा फरक अधिक ठळक होता.

ओकडेलच्या वृंदाला अकरा वर्षे मिळाली. २०२० साली महासाथीमुळे बाहेरच्यांना कारागृहात येणे बंद झाले, आणि तालमी थांबल्या.