पनवती गाडीचं गणित

आमच्या ओळखीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्या काकांनी दिवाळीच्या आधी एक चांगली चालती दहाचाकी पडेल भावात विकून टाकली. कारण काय, तर "पनवती आहे ती". वर्षात दोनदा ठोकली, एकदा कसारा घाटात मागून कोणीतरी येऊन आदळलं आणि एकदा पिंपळगावला बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरला घासली. बाकीच्या बहुतेक गाड्यांना ओरखडा नाही आणि हिलाच दोनदा, म्हणजे काहीतरी आहेच ना, असं काकांचं म्हणणं. पुढे लिंबू-मिरची होती, मागे काळी बाहुली होती, दसऱ्याला नारळ फुटला होता, तरीही.

मला राहवलं नाही म्हणून त्यांच्या आडगावच्या ऑफिसात बसून हिशोब मांडला, तोच इथे सांगतो.

आधी एक साधी गोष्ट. "वर्षात किती अपघात झाले" हा आकडा एकटा काहीच सांगत नाही, त्याला किलोमीटरने भागावं लागतं. आकडे सोपे घेऊ. ४० गाड्या, प्रत्येकी वर्षाला ८० हजार किमी, म्हणजे एकूण ३२ लाख किमी आणि ८ अपघात. दर १० लाख किमीला अडीच. कांद्याच्या सीझनला फेऱ्या वाढल्या की अपघातही वाढणारच, त्यात ड्रायव्हर बिघडले असं काही नसतं. आणि अपघात कशाला म्हणायचं तेही आधी ठरवायला हवं. अमेरिकेत सरकारी हिशोबात मृत्यू झाला, घटनास्थळापासून दूर नेऊन उपचार करावे लागतील अशी इजा झाली किंवा गाडी टो करून न्यावी लागली तरच अपघात मोजतात, आणि दर १० लाख मैलांमागे काढतात. आपल्याकडे उलटच, शेठने "शून्य अपघाताला बोनस" जाहीर केला की ड्रायव्हर स्वतःच्या खिशातून डेंटिंग-पेंटिंग करून मोकळा होतो आणि रजिस्टर एकदम स्वच्छ दिसतं.

आता माझा आवडता भाग. ४० रिकामे द्रोण मांडा आणि डोळे मिटून एकेक करत ८ शेंगदाणे टाका. कुठल्याच द्रोणात दोन दाणे पडणार नाहीत, याची शक्यता किती? पहिला कुठेही पडू दे. दुसरा नव्या द्रोणात पडायची शक्यता ४० पैकी ३९, तिसऱ्याची ४० पैकी ३८, असं करत आठव्याची ४० पैकी ३३. सगळ्यांचा गुणाकार करा, येतं साधारण ०.४७. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा कुठल्यातरी एका द्रोणात दोन किंवा जास्त दाणे पडणारच! द्रोण सगळे सारखे, दाणे सारखे, कुणाची नजर लागलेली नाही. काकांचे चाळीसच्या चाळीस ड्रायव्हर एकसारखे चांगले असते तरी अशी एखादी "पनवती" गाडी निघायची शक्यता निम्म्याच्या वरच होती.

योगायोगाने क्वचित घडणाऱ्या अशा गोष्टी किती वेळा घडतील याचं सूत्र प्वासाँ नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये दिलं, पण त्याची मजा दाखवली ती बोर्टकिएविचने १८९८ मध्ये, प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ लागून मेलेल्या सैनिकांच्या आकड्यांवरून. १० तुकड्या, २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी आणि एकूण १२२ मृत्यू. सरासरी ०.६१. सूत्र म्हणतं की एकही मृत्यू नाही अशा नोंदी १०८.७ असायला हव्यात, प्रत्यक्षात होत्या १०९. एका वर्षी एका तुकडीत चार जण गेले, तिथेही लोकांनी घोड्यांना शिव्या घातल्याच असतील.

याच सूत्राने आपल्या गाडीचं बघू. सरासरी वर्षाला ०.२ अपघात (४० गाड्यांत ८) असेल तर पूर्ण वर्ष बिनअपघाताचं जायची शक्यता ८२ टक्के येते. जिला यंदा दोन झाले तिचीही पुढच्या वर्षीची शक्यता तीच, ८२. म्हणजे तुम्ही शांत करा, नंबर बदला, ड्रायव्हर बदला किंवा काहीच करू नका, पुढचं वर्ष बहुधा निवांतच जाणार आणि श्रेय खाणार भटजी. ड्रायव्हरवर नजर ठेवणारे कॅमेरे विकणारेसुद्धा तेच करतात बरं का. मागच्या वर्षी ठोकलेल्या गाड्यांनाच एआय कॅमेरा बसवायचा आणि वर्षभराने स्लाइडवर "अपघात इतके टक्के घटले" दाखवायचं, घटणारच होते ते!

उलटही खरं आहे. एखाद्याने लाखभर किमी बिनअपघाताची मारली म्हणून तो हिरा ठरत नाही. शून्य अपघात असतील तर ३ भागिले किमी, खरा दर जास्तीत जास्त एवढा असू शकतो असा ठोकताळा आहे (९५ टक्के खात्रीचा), म्हणजे लाख किमीला ३, १० लाखाला ३०, आणि आपली सरासरी तर अडीच. तो सरासरीपेक्षा वाईट नाही एवढं म्हणायलाही १२ लाख किमी लागतील, वर्षाला ८० हजार धरले तर १५ वर्षं.

सगळे ड्रायव्हर सारखे असतात असं मी म्हणत नाहीये. ग्रीनवुड आणि यूल यांनी १९२० मध्ये दारूगोळा कारखान्यातल्या कामगार बायकांचे अपघात तपासले तेव्हा नुसत्या योगायोगाने येतील त्यापेक्षा आकडे जास्त विखुरलेले निघाले. पण तो फरक वर्षभराच्या दोन ठोकरींत दिसत नाही.

काकांना म्हटलं, कॅमेरा घ्यायचाच असेल तर चिठ्ठ्या टाकून वीस गाड्यांना बसवा, वीस तशाच ठेवा, किमी लिहून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी दोन्हीकडचा दर बघा. काकांनी किमीचा रकाना आखला, पट्टी घेऊन, लाल पेनाने. मग म्हणाले, "आता वीस कुठून आणू? एकोणचाळीसच राहिल्या."