शिकारी गोळीचा हरणावरील परिणाम

हरणाच्या अंगात शिरलेली गोळी किती पसरते, किती खोल जाते, फुटते की अखंड राहते आणि त्यामुळे प्राणी किती लवकर मरतो, याचा विचार बॅलिस्टिक्सच्या, म्हणजे सुटलेल्या गोळीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या, ‘टर्मिनल बॅलिस्टिक्स’ या शाखेत होतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे ठाण्याच्या येऊरसारख्या जंगलात हे ज्ञान कामी येते ते चोरट्या शिकारीच्या तपासात.

शिकारी गोळीचा गाभा बहुधा शिशाचा आणि कवच तांब्याच्या मिश्रधातूचे असते. लष्करी गोळीचे टोक कवचाने झाकलेले असते. शिकारी गोळीचे टोक मुद्दाम उघडे किंवा पोकळ ठेवतात. मांसात शिरताच ते चेपून मागे वळते आणि गोळीला अळंबीसारखा आकार येतो. व्यास दीडपट ते दुप्पट झाल्याने जखम रुंद होते, रक्तस्राव वाढतो. अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असे १८९९ च्या हेग परिषदेत ठरले. हरणांच्या बाबतीत मात्र इंग्लंड-वेल्समधील १९९१ चा कायदा रायफलीसाठी याच गोळ्या सक्तीच्या करतो, कारण आरपार निघून गेलेल्या अरुंद गोळीने जनावर तडफडत राहते.

गोळीचे पसरणे वेगावर ठरते. ०.३०८ इंची रायफलीची ९.७ ग्रॅम वजनाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने सुटते. लांबवर जाऊन वेग फार मंदावला, तर टोक उघडतच नाही. उलट अगदी जवळून खांद्याच्या हाडावर बसली, तर ती वरच्या वरच फुटते. जखम भीषण दिसते, पण फुप्फुसे शाबूत राहतात. जॉन नॉस्लर या अमेरिकी शिकाऱ्याला १९४६ मध्ये मूस जातीच्या प्रचंड हरणावर गोळ्यांचे हेच अपयश दिसले. त्यातून त्याने मध्ये आडवी भिंत असलेली गोळी बनवली : पुढचा भाग उघडतो, मागचा अखंड राहून खोल जातो.

तरीही गोळीच्या जातीपेक्षा ती कुठे लागली, हेच निर्णायक असते. पुढच्या पायामागे, हृदय-फुप्फुसांत लागली तरी हरीण बरेचदा काही अंतर धावून मगच कोसळते. पोटात लागली तर मरण तासन्‌तास लांबते. फुप्फुसाचे रक्त लालभडक व फेसाळ, यकृताचे काळपट; पोट फुटले असेल तर रक्तात हिरवट चारा मिसळलेला दिसतो.

येऊरचे जंगल सुमारे १०४ चौ. किमी. च्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते. सांबराचा मोठा नर दोनशे किलोंच्या वर भरतो, भेकर पंचवीसच्या आसपास. सांबरासाठी बेतलेली गोळी भेकराच्या अंगात पुरती उघडायच्या आत पलीकडे निघू शकते. ठासणीच्या बंदुकीचे छर्रे मंद आणि गोल असतात. ते मोठ्या जनावराच्या कातडीखालीच अडकतात आणि जखम चिघळते. माझ्या मते शिकारीतली ही सर्वांत क्रूर जखम होय.

शवविच्छेदनात पशुवैद्य आधी कातडीवरचे भोक पाहतो. गोळी शिरली तिथे ते लहान, कडा आत वळलेल्या. बाहेर पडली तिथे बहुधा मोठे व फाटके. खांद्याच्या पसरट हाडातले भोक गोळी बाहेर पडते त्या बाजूला रुंदावते, त्यावरून नेमाची दिशा कळते. सापडलेली गोळी कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासता येते. रायफलीच्या नळीतील पेचदार चऱ्यांचे ओरखडे कवचावर उमटतात आणि हत्यार ओळखता येते. गुळगुळीत नळीतून सुटलेल्या छर्‍यांवर असे ओरखडे नसतात.

शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात विखुरतात आणि ते मांस खाणाऱ्याच्या पोटात जातात. काँडोर गिधाडांच्या विषबाधेमुळे कॅलिफोर्नियाने शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर १ जुलै २०१९ पासून पूर्ण बंदी घातली. येऊरच्या बिबट्यालाही अशा मृत हरणापासून हाच धोका संभवतो. हे कण डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, क्ष-किरण चित्रात मात्र ठिपक्यांसारखे उमटतात. संशयास्पद मृत्यूत असे चित्र शव जाळण्यापूर्वीच काढायला हवे.